आप्पाजींची माफी

नेरळेसंद्रच्या मशिदीत यासीन मुजावर शिकवायला आला, त्या पहिल्याच दिवशी हाजी बाबाजान यांनी त्याला समोर बसवून गावातल्या तरुण पोरांचा पंचनामा ऐकवला. पोरं नमाजला येत नाहीत. थोरांना सलाम करत नाहीत. गुटखा खाऊन भिंती रंगवतात, दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. आणि हे सगळं कमी म्हणून की काय, होसकोटेच्या सर्व्हिस रोडवर मोटारसायकलचं पुढचं चाक हवेत उचलून मागच्या एका चाकावर गाडी पळवतात. या शेवटच्या प्रकाराला पोरं 'व्हीली' म्हणत. हाजीसाहेब तो शब्द उच्चारताना तोंडात कारल्याची फोड आल्यासारखा चेहरा करत.

"खेड्यातलं पोर म्हणजे कसं असायचं, मौलाना! नजर खाली, आवाज खाली. आता सगळंच वर. चाकसुद्धा वर!"

हाजीसाहेब मशीद कमिटीचे अध्यक्ष होते. मूळचे शेतकरी, पण बेंगळुरू वाढत वाढत गावाच्या वेशीपर्यंत आलं, तेव्हा त्यांनी शेतात गोडाऊन बांधली आणि पार्सलच्या कंपन्यांना भाड्यानं दिली. दाढी पांढरीशुभ्र, आवाज खणखणीत. गावात त्यांच्यापुढे कुणी फारसं बोलत नसे.

"भीती घाला त्यांच्यात," ते म्हणाले. "जहन्नमचं असं वर्णन करा की पोरांची झोप उडाली पाहिजे."

यासीन "जी" म्हणाला खरा, पण मनातून धास्तावला. तो मिरजेजवळच्या एका खेड्यातला. सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकला, मग मामानं त्याला बेंगळुरूच्या मदरशात आणून घातलं आणि इथेच तो मौलवी झाला. अजून तिशीही गाठली नव्हती. अंगानं किरकोळ, बोलणं मऊ. भीती घालायला जो आवाज लागतो, तो त्याच्या घशात नव्हताच. तरी त्यानं प्रयत्न केला. सकाळी अलिफ-बे शिकायला येणाऱ्या लहान मुलांपुढे एकदा जहन्नमच्या आगीचं वर्णन करून पाहिलं. मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एका मुलीनं विचारलं, "हजरत, तिथं रेंज येते का?"

त्यानंतर यासीननं तो नाद सोडला.

तरुणांचा वर्ग संध्याकाळी असे. असे म्हणायचं, कारण येत कुणीच नव्हतं. दोन म्हातारे भिंतीला टेकून डुलक्या काढत आणि इल्यास नावाचा एक गोलमटोल पोरगा कोपऱ्यात बसे. हा तरी नेमानं येतो म्हणून यासीनला बरं वाटे. पुढे कळलं, की त्या कोपऱ्यात मोबाइल चार्ज करायचा प्लग होता.

असेच दिवस चालले होते. मग एका रविवारी सकाळी तो अपघात झाला.

गावाच्या पलीकडच्या अंगाला आप्पाजी मोहित्यांचा फुलांचा मळा होता. शेवंती, झेंडू आणि थोडे बटन गुलाब. आप्पाजी सत्तरीतले, पण अजून स्वतः मोपेडवर फुलांची पोती लादून होसकोटेला नेत आणि तिथून मार्केटच्या गाडीवर चढवत. त्या दिवशी सर्व्हिस रोडच्या वळणावर समोरून एक मोटारसायकल आली. तिचं पुढचं चाक हवेत होतं. ती आप्पाजींच्या मोपेडला घासून गेली, मोपेड आडवी झाली, आप्पाजी पडले, पोती फुटली आणि सगळा रस्ता झेंडूनं पिवळा झाला. मोटारसायकलवालाही पडला, पण लगेच उठला, गाडी उचलली आणि पळाला. त्याच्या मागोमाग आलेली आणखी दोन-तीन पोरंही पसार झाली. आप्पाजींचा डावा हात मोडला.

कोण होतं, हे कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे नेरळेसंद्रमध्ये सगळ्यांना माहीत होतं, की कुणालाच माहीत नाही म्हणायचं. आप्पाजी मराठे, पोरं मुसलमान. गोष्ट नको त्या वळणावर जायला किती वेळ लागतो, असं लोक कुजबुजू लागले. पण पोलीस विचारायला आले तेव्हा आप्पाजींनी सरळ सांगितलं, "मी चाक बघितलं, तोंड नाही बघितलं. चाकाचं नाव काय लिहून घेणार तुम्ही?"

शुक्रवारी हाजीसाहेबांनी मशिदीत असा काही गडगडाट केला की पंखेसुद्धा मंद झाल्यासारखे वाटले. नव्या पिढीला लाज नाही, दीन-धर्म नाही, आईबापांनी लाडावून ठेवलंय! परिणाम एवढा झाला की घाबरलेल्या आईबापांनी त्या संध्याकाळी पोरांना हाताला धरून वर्गात आणून सोडलं. यासीनसमोर पहिल्यांदाच भरलेली चटई होती. सगळी तोंडं फुगलेली. आता आगीचं वर्णन ऐकायचंय, अशा तयारीनं पोरं बसली होती.

यासीननं घसा साफ केला.

"आज एकच गोष्ट सांगतो, मग घरी जा," तो म्हणाला. "तुमची नमाज चुकली, रोजा सुटला, तर तो तुमचा आणि अल्लाहचा मामला. तो मोठा मेहेरबान आहे. मनापासून तौबा केलीत, तर माफ करेल. पण तुम्ही माणसाचं काही बिघडवलंत, त्याला दुखवलंत, त्याचं काही हिसकावलंत, तर अल्लाह म्हणतो, माझ्याकडे नंतर ये. आधी त्या माणसाकडे जा. माफी त्याच्या हातात आहे. याला बंद्यांचे, म्हणजे माणसांचे हक्क म्हणतात."

"आणि त्यानं नाहीच केलं माफ तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर परत जा."

"परत नाही म्हणाला तर?"

"तर त्याचं बिघडवलेलं दुरुस्त कर आणि परत जा. सोपं नाहीये ते. नमाज त्या मानानं सोपी."

एवढं बोलून त्यानं खरोखरच वर्ग सोडला. पोरं गोंधळली. आगीशिवाय वर्ग सुटला होता.

सगळे गेले, पण एकजण नळापाशी हात धूत राहिला. अफ्रोज पाशा त्याचं नाव. उंच, काटक, गोडाऊनमध्ये पार्सलं चढवण्याच्या कामावर होता. बाप लहानपणीच गेलेला, आई बिड्या वळायची. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो ते चोळतच होता.

"हजरत," तो नळाकडे बघत म्हणाला, "समजा एक पोरगा आहे."

"बरं."

"त्याच्याकडनं एका माणसाचं नुकसान झालं. मुद्दाम नाही. त्या पोरग्यानं रात्रभर नमाज पढली, तर नाही का चालणार?"

"नमाज चांगलीच आहे. पण त्या माणसाचा हात त्यानं जुळणार नाही."

अफ्रोजचा चेहरा पडला. यासीननं नळ बंद केला.

"त्या पोरग्याला सांग, उद्या सकाळी मी त्याच्याबरोबर येतो."

"कुठल्या पोरग्याला?"

"ज्याच्या पँटला गुडघ्यावर भोक पडलंय आणि आत खरचटलंय, त्या पोरग्याला."

दुसऱ्या दिवशी दोघं आप्पाजींच्या मळ्यात गेले. शेवंतीच्या वाफ्यांना लागून एक छोटं सिमेंटचं घर होतं. बाहेर खाटेवर आप्पाजी गळ्यात हात अडकवून बसले होते आणि त्यांची बायको गौरक्का सुपात फुलं निवडत होती. आप्पाजींचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा होता. झाडांवर फुलं उमलून वाया चालली होती आणि तोडायला माणूस मिळत नव्हता. होसकोटेतले सगळे मजूर गोडाऊनकडे वळलेले.

यासीननं आपल्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली. आप्पाजींनी थोडा वेळ ऐकलं आणि बायकोकडे वळून मराठीत म्हणाले, "गौरी, हे कन्नड बोलतंय का खोकतंय, बघ जरा."

यासीनला हसू आवरेना. "खोकत नाही आजोबा," तो मराठीत म्हणाला, "कन्नडच बोलतोय. पण मिरजेचा आहे, त्यामुळं असं येतं."

आप्पाजी खाटेवर ताठ झाले. "मराठी? तू? मौलवी?"

"सातवीपर्यंत मराठी शाळेत होतो. कविता पाठ म्हणण्यात पहिला नंबर असायचा."

मोहित्यांचे पूर्वज चारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. मराठी राहिली ती घरात आणि सोयरिकीत. जयनगरला राहणारी नातवंडं तर आता आजोबांना इंग्रजीतच उत्तर देत. त्यामुळे दारात आलेला परका माणूस मराठी बोलतो याचं आप्पाजींना केवढं अप्रूप वाटलं! "बसा की मास्तर, स्वल्प कॉफी घ्या," म्हणत त्यांनी सरकून जागा केली. मिरजेत पाऊस कसा आहे, तिकडं शेवंतीला काय भाव, तिकडची माणसं 'होय' म्हणतात का 'हौदू', अशी चौकशी सुरू झाली. तुमचं मराठी पुस्तकातल्यासारखं आहे, गौरक्का म्हणाली. तुमचं ऐकायला जास्त गोड आहे, यासीन म्हणाला, आणि ते खरंच होतं.

एवढा वेळ अफ्रोज अंगणात एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा होता. शेवटी आप्पाजींची नजर त्याच्यावर गेली.

"आणि हे कोण?"

यासीननं अफ्रोजला येतानाच सांगितलं होतं, की मी बरोबर येईन, पण तुझ्या वतीनं तोंड उघडणार नाही.

अफ्रोज दोन पावलं पुढे आला. "मैंच था, अप्पा," तो म्हणाला. "उस दिन. माफ कर दो."

आप्पाजींच्या हातातला कप तसाच राहिला. गौरक्कानं सूप खाली ठेवलं. कोंबडीचं एक पिल्लू मध्येच टुणटुण करत गेलं.

"असं," आप्पाजी म्हणाले. "माफी मागायला मौलवी बरोबर आणलास. गाडी उडवायला निघालास तेव्हा कुणाला विचारून निघाला होतास?"

अफ्रोज खाली बघत राहिला.

"पळालास कशाला?"

"घाबरलो."

"मी पण घाबरलो होतो. मला कुठं पळता आलं?"

अफ्रोजच्या डोळ्यांत पाणी आलं, तसे आप्पाजी खाकरले आणि चिडून म्हणाले, "रडू नकोस. रडून फुलं तोडली जात नाहीत. आज माफी नाही. हात बरा होईपर्यंत रोज फुलं तोडायला ये, तवर मी विचार करतो. उजाडायच्या आत यायचं. ऊन चढलं की शेवंती मान टाकते. सरी? कळलं?"

"सरी, अप्पा."

"आणि गुलाबाच्या काट्यांना शिव्या द्यायच्या नाहीत," गौरक्कानं आतून बजावलं.

पहिल्या दिवशी अफ्रोज एकटा गेला आणि हातभर ओरखडे घेऊन परतला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं मित्रांना गाठलं. "त्या दिवशी तुम्हीपण होता माझ्यामागं. मी पडलो, म्हणून मी सापडलो. तुमचं चाकही वरच होतं." पोरं आधी हसली, मग गप्प झाली, मग एकेक करून यायला लागली. इल्यासकडे मोटारसायकलच नव्हती, त्यामुळे त्याचा काही गुन्हाही नव्हता. पण गौरक्का तोडणी झाल्यावर सगळ्यांना लिंबू पिळलेला फोडणीचा भात, चित्रान्न देते अशी बातमी त्याच्या कानावर गेली आणि तोही सामील झाला.

आता मळ्याची वाट मशिदीवरून जायची आणि फुलं तोडायची वेळ फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजला लागून यायची. उठलोच आहोत, वाटेतच आहे, तर वुजूचे हातपाय धुऊन नमाजला उभं राहायला काय जातंय, असं म्हणत पोरं आधी मशिदीत शिरू लागली. ज्या फजरला हाजीसाहेबांमागं चार म्हातारे खोकत असत, तिथं पुरी एक रांग उभी राहू लागली.

हाजीसाहेब हरखून गेले. "बघितलंत मौलाना? एका भाषणात! मी म्हटलं नव्हतं, भीती घातली पाहिजे?"

"जी," यासीन म्हणाला. फुलांचं आणि चित्रान्नाचं त्यानं काही काढलं नाही. पोरं येत होती ना, मग श्रेय कुणी का घेईना.

तोही आता सकाळचा पोरांबरोबर मळ्यात जाऊ लागला होता. फुलं तोडण्यात त्याचा काही उपयोग नव्हता. आप्पाजी त्याला खाटेवर आपल्याशेजारी बसवून गप्पा मारायला लावत. पोरं वाफ्यांत वाकून दखनी उर्दूत एकमेकांची टर उडवत, गौरक्का त्यांना कन्नडमध्ये दटावत असे आणि खाटेवर दोघांचं मराठी चाले. यासीनला वाटे, आपली नोकरी इथंच खरी चाललीय.

एका सकाळी पोरं पोती डोक्यावर घेऊन बांधावरून लांबचा वळसा घालत रस्त्याकडे चालली होती. बांध चिखलानं निसरडा झाला होता. इल्यास दोनदा घसरला.

"इकडून सरळ वाट नाही का हो?" यासीननं विचारलं.

"होती की," आप्पाजी म्हणाले. "माझ्या बापाची आणि बाबाजानच्या बापाची सामाईक गाडीवाट. बैलगाडी जायची तिच्यातनं. दोन वर्षांखाली त्यानं गोडाऊनची भिंत घातली, ती वाट आत घेऊन. मी म्हटलं, बाबू, हे काय केलंस? तो म्हणाला, मोजणीवाला येऊ दे, बघू. मोजणीवाला काय आला नाही." त्यांनी गळ्यातला हात थोडा वर केला. "म्हणून तर त्या सर्व्हिस रोडनं जायला लागलो. नाहीतर त्या रस्त्यावर माझं काय काम होतं?"

जवळच पोतं बांधत असलेल्या अफ्रोजनं मान वर केली. मशिदीकडे परतताना यासीनच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. वर्गात पोरांना हक्क शिकवायचे आणि पगार देणाऱ्यासमोर तोंड मिटायचं, हे कसलं शिकवणं? आज बोलू, उद्या बोलू, असं करत तो हाजीसाहेबांसमोर जाई आणि "जी" म्हणून परत येई.

इकडे हाजीसाहेबांच्या आनंदाला भरती आली होती. आसपासच्या गावांतल्या कमिटीवाल्यांना बोलावून त्यांनी एक छोटा जलसाच ठेवला. खेड्यातली बिघडलेली पोरं कशी सुधारतात, ते सगळ्यांना दाखवायचं होतं. मशिदीच्या आवारात मांडव घातला, मागं बिर्याणीचा हंडा चढला. पाहुणे खुर्च्यांवर, पोरं पुढे चटईवर, धुतलेल्या टोप्या घालून.

हाजीसाहेबांनी पोरांना प्रश्न विचारले. वुजूत काय काय येतं? शेजाऱ्याशी कसं वागावं? पोरांनी बिनचूक उत्तरं दिली. पाहुणे "माशाअल्लाह" म्हणत माना हलवू लागले. हाजीसाहेबांची छाती फुगली आणि त्या भरात ते म्हणाले, "आता तुम्ही विचारा! काहीही विचारा, मौलाना जवाब देतील!"

इल्यास उठून उभा राहिला.

"हजरत, पोरांनी कुणाचा हक्क मारला तर त्याच्याकडे जाऊन माफी मागायची, असं तुम्ही शिकवलंत."

"होय."

"मोठ्या माणसांनी मारला तर?"

"त्यांनीही जायचं."

"खूप मोठा माणूस असला तर? समजा, हजला जाऊन आलेला?"

पाहुण्यांत कुणीतरी खुदकन हसलं. मग हसणं थांबलं, कारण नेरळेसंद्रची माणसं हसत नव्हती.

"आणि समजा," इल्यास अगदी साळसूदपणे पुढे म्हणाला, "त्यानं कुणाची वाट अडवली असेल, भिंत घालून, तर?"

मागं हंड्यावरचं झाकण तेवढं खडखडत होतं. सगळे यासीनकडे बघू लागले आणि शेजारच्याच खुर्चीत बसलेले हाजीसाहेबही त्याच्याकडे बघू लागले. यासीनला मिरजेतली आई आठवली, तिची दुखणारी पाठ आठवली, ही नोकरी गेली तर दुसरी कुठे मिळेल तेही मनात येऊन गेलं. मग समोरचे अफ्रोजचे ओरखडलेले हात दिसले.

"सूट कुणालाच नाही," तो म्हणाला. आवाज मऊच होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "हाजी असो, मौलाना असो. ज्याची वाट अडली, त्याच्याकडे जायचं आणि वाट मोकळी करायची. मला हे माहीत असून मी गप्प बसलो असेन, तर मलाही सूट नाही."

हाजीसाहेब हळूच उठले.

"बिर्याणी गार होतेय," ते म्हणाले आणि हंड्याकडे चालू लागले.

पुढचे काही दिवस हाजीसाहेब यासीनशी एक अक्षर बोलले नाहीत. सलामाला उत्तर देत, तेही दाढीतल्या दाढीत. यासीननं आपले चार कपडे घडी करून पिशवीत भरून ठेवले. इल्यास रोज येऊन विचारी, "हजरत, मी चुकीचं विचारलं का?" आणि यासीन म्हणे, "प्रश्न बरोबर होता, बाबा. वेळ जरा बिर्याणीनंतरची धरायची होतीस."

मग एका फजरनंतर पोरं नेहमीसारखी मळ्याकडे निघाली, तर दारात हाजीसाहेब काठी घेऊन उभे.

"चला," ते म्हणाले. कुठं, ते बोलले नाहीत.

पोरं पुढे, यासीन मध्ये, हाजीसाहेब मागे. सगळी वरात त्या निसरड्या बांधावरून लांबचा वळसा घालत निघाली. अर्ध्या वाटेत हाजीसाहेबांची एक चप्पल चिखलात रुतली ती निघेचना. अफ्रोजनं वाकून ती उपसली, पाण्याच्या पाटात धुतली आणि त्यांच्या पायापुढे ठेवली. हाजीसाहेबांनी भिंतीकडे पाहिलं. आपल्याच गोडाऊनची भिंत या बाजूनं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. "फारच लांबून आहे की हे," ते पुटपुटले.

आप्पाजी खाटेवर होते. त्यांनी हाजीसाहेबांना पाहिलं, पण ते उठलेही नाहीत.

"काय रे आप्पा."

"काय रे बाबू."

दोघं होसकोटेच्या कन्नड शाळेत एका बाकावर बसलेले. त्यांची ही जुनी सलगी यासीनला त्या क्षणी, त्यांच्या बोलण्याच्या ढंगावरूनच कळली. बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं, पण आता यासीनला सगळं समजत होतं.

"हात कसा आहे?"

"मोडलेला आहे."

हाजीसाहेबांनी काठी जमिनीत रोवली, काढली, परत रोवली. "तुझ्या शेवंतीचा वास माझ्या गोडाऊनपर्यंत येतो."

"वासाला भिंत आड येत नाही."

पोरांनी वाफ्यांत माना खाली घातल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"पाडतो म्हटलं ना भिंत," हाजीसाहेब एकदम ओरडले.

"कधी म्हटलंस?"

"आत्ता म्हटलं!"

"पाडणार कधी ते सांगा, अण्णा," गौरक्का कॉफीचा लोटा घेऊन बाहेर येत म्हणाली.

हाजीसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, यासीनकडे पाहायचं टाळलं. "आज," ते म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज पार खाली आला, यासीननं तो इतका खाली कधी ऐकला नव्हता. "माफ कर, आप्पा. माझी हाव झाली होती."

आप्पाजींनी मान वळवली आणि शेवंतीच्या वाफ्यांकडे बघितलं.

"आधी वाट, मग माफी," ते शेवटी म्हणाले. "तुझ्याच मास्तरांनी शिकवलंय. पण कॉफी आत्ता पी."

पोरांनी पहारी आणल्या. भिंत पाडण्याचं काम म्हणजे फुलं तोडण्याहून कितीतरी मजेचं. पोरं चेकाळून उठली. हाजीसाहेब खुर्ची मागवून मधोमध बसले आणि अशा थाटात हुकूम सोडू लागले, जणू ही कल्पना त्यांच्याच डोक्यातून निघालीय. "तिकडून नको रे, गाढवा, इकडून! विटा शाबूत काढा! दोन्ही बाजूंनी गाडी निघाली पाहिजे!" आप्पाजी खाटेसकट तिथं येऊन बसले आणि ते हुकूम चुकीचे कसे आहेत, ते सांगू लागले. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली आणि दोघा म्हाताऱ्यांचे घसे बसले.

आप्पाजींचं प्लास्टर निघालं, त्या दिवशी त्यांनी अफ्रोजला बोलावून हात वर-खाली करून दाखवला. "केलं माफ," ते म्हणाले. "जा आता, सुटलास." अफ्रोजनं त्यांचे पाय धरायला हात पुढे केले, तर त्यांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो पुन्हा मळ्यात हजर! का आलास म्हणून विचारलं, तर म्हणाला, "झोपच येत नाही आता या वेळेला." गोडाऊनची पाळी लागायच्या आधी तो अजूनही आप्पाजींच्या मोपेडवर फुलं होसकोटेला पोचवून येतो. आप्पाजी मागं बसून "स्वल्प हळू" म्हणत असतात.

बाकीची पोरं काही एका महिन्यात संत झाली नाहीत. फजरची रांग जरा विरळ झाली, दोघांच्या खिशात अजून गुटख्याची पुडी सापडते. पण संध्याकाळचा वर्ग भरतो आणि त्यात चर्चा अशी रंगते की डुलक्या काढणारे म्हातारे जागे राहू लागलेत. यासीनची पिशवी रिकामी होऊन खुंटीला लागली.

परवा तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर हाजीसाहेब आणि त्यांची मित्रमंडळी मशिदीच्या पायरीवर बसली होती. शेजारच्या गावातल्या कुणाच्या तरी सुनेबद्दल रसभरीत बोलणं चाललं होतं. यासीन चटया झटकायला बाहेर आला.

"काय मौलाना," हाजीसाहेबांनी विचारलं, "आज पोरांना कसला धडा?"

"गीबत," यासीन म्हणाला. "माणसाच्या पाठीमागं त्याच्याबद्दल वाईट बोलणं."

पायरीवरचं बोलणं थांबलं. एकजण टोपी नीट करू लागला, दुसऱ्याला अचानक घरचं काम आठवलं. हाजीसाहेबांनी क्षणभर यासीनकडे रोखून पाहिलं आणि मग त्यांना असं हसू फुटलं की त्यांची पांढरी दाढी हलायला लागली.

"कुठं निघालास रे?" त्यांनी उठणाऱ्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. "बस. आज आपण सगळेच जातोय वर्गाला. पुढच्या रांगेत."